भाडेकरूची परवानगी

ऑफिसात तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे टकटकताई. नाव कुणी वाईट मनानं पाडलेलं नव्हतं. धंदाच तसला होता. लोकांच्या सर्व्हरची दारं ठोठावायची, कुठलं नीट लागलंय, कुठलं नुसतं लोटून ठेवलंय, कुठल्याची कडी गंजलीय ते बघायचं आणि मालकाला जाऊन सांगायचं. सर्व्हरला दारं असतात हजारांनी. पोर्ट म्हणतात त्यांना. बहुतेक दारं बंद ठेवायची असतात, कामापुरती दोन-चार उघडी. पण माणूस मोठा आळशी. बाजारला जाताना शेजारणीच्या भरवशावर दार पुढं करून जावं तसं हे लोक एखादं दार कामासाठी उघडतात आणि विसरून जातात. मग कुत्रं शिरतं. कुत्रं शिरायच्या आधी ताईनं जाऊन बघायचं, एवढंच काम.

वीसेक वर्षं ती हे करत होती आणि आता तिला त्याचा वीट आला होता. डोळ्यांत सारखी जळजळ, मनगटाला पट्टा, मानेत कायमचा दगड. पण शरीराचं एक वेळ सोसतं. तिला शीण आला होता तो माणसांचा. मागल्या वर्षी ज्या गिऱ्हाइकाला 'हे दार लावा' म्हणून सांगितलं, त्याचं दार यंदाही तसंच सताड. पुन्हा तोच अहवाल, तेच हो-हो, तीच मान डोलावणी. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून ओतणाऱ्याचा खांदा निखळावा, घडा मात्र कोरडा, अशातली गत.

नव्यानं लागलेल्यांना पहिल्या दिवशी ताईच शिकवायची. शिकवणं म्हणजे एकच गोष्ट.

"रस्त्यानं जाताना कुणाचं घर दिसलं, तर बघणं गुन्हा नाही. दारावर टकटक करणं, इथं कायदा डोकं खाजवतो. एकीकडे चालतं, दुसरीकडे चालत नाही, आणि मालक चिडका निघाला तर कुठंच चालत नाही. दार ढकलून आत डोकावलात की मात्र मेलात. मग आपण काय करायचं?"

"टकटकसुद्धा विचारून करायची," असं नव्यानं म्हणायचं असे.

"कुणाला विचारून?"

"मालकाला."

"आणि समोर बसलाय तो मालकच आहे कशावरून?"

इथं नवा गडबडायचा. मग ताई सांगायची, पहिला प्रश्न हाच. जागा तुमच्याच नावावर आहे का? कनेक्शन तुमचंच का? भाडेकरूनं 'या' म्हटलं म्हणून साऱ्या इमारतीच्या कड्या वाजवत सुटायचं नसतं.

एकदा एका शहाण्यानं तोंड वर करून विचारलं होतं, "पण ताई, सगळं जग रोज सगळ्यांच्या दारावर ठोकतंय. आपण एकटेच सोवळे राहून काय मिळणार?"

"जग शेण खातं म्हणून आपण ताट मांडून बसायचं का?" ताई म्हणाली, आणि विषय संपला.

अशी ही बाई. लग्न करायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आई लवकर गेली, धाकटी बहीण तेव्हा परकर सावरायच्या वयाची. तिला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, लग्न लावून दिलं ताईनंच. त्यामुळं धाकटीचा शब्द ताईला कधी मोडता आला नाही. ताईच्या अंगातली सगळी कठोरपणाची हाडं धाकटीपाशी आली की कूर्चा होऊन जात.

धाकटीचा नवरा रक्त-लघवी तपासायची लॅब चालवी. जागा भाड्याची, एका जुनाट इमारतीत पहिल्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान, वर एका दाताच्या डॉक्टरचा दवाखाना, त्याच्याही वर कसलातरी शिवणवर्ग. गडी गोडबोल्या, कामाला वाघ, पण स्वभावानं असा घाबरट की सुई टोचताना पेशंटआधी याचेच डोळे मिटतील. एका रविवारी तो धाकटीला घेऊन ताईकडं आला.

"ताई, आमच्या कॉम्प्युटरवर लोकांचे रिपोर्ट असतात हो. कुणी चोरले तर माझी अब्रू जाईल. तुम्ही एवढं जगाचं बघता, जरा घरचं बघा की."

"ऑफिसातून रीतसर ये. सगळं लिहून देतील, बघून देतील," ताई म्हणाली.

धाकटीनं तोंड फुगवलं. "म्हणजे आता बहिणीकडे पण अर्ज करून यायचं? दारावर दोन टकटक करायला तुला काय होतंय गं? सुरी पाजळायला तर सांगत नाही."

"तसं नाही गं…"

"मग कसं?"

लॅबवाल्यानं खिशातून फोन काढला. त्यावर त्यानं कुठून तरी आपल्या जागेचा इंटरनेटवरचा पत्ता काढून ठेवला होता, आकड्यांचा. "हा बघा आमचा नंबर. आमचाच आहे. मी स्वतः बघितलाय. खुशाल ठोका."

जगाला शिकवलेला पहिला प्रश्न ताईनं इथं विचारला नाही. घरचंच तर आहे. वैद्याच्या घरची पोरं कायम नाकानं गळत असतात म्हणतात, ती अशी.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं आपल्या स्वतःच्या लॅपटॉपवरून त्या पत्त्यावर टकटक केली. रिपोर्ट ठेवलेलं दार चांगलं लागलेलं होतं. मेहुण्याला कुणीतरी शहाणा माणूस भेटला असावा. पण आणखी एक दार बोललं. कॅमेऱ्याचं. लॅबमध्ये रक्त घेण्याच्या टेबलावर एक कॅमेरा होता हे तिला ठाऊक होतं. हाच तो, असं धरून तिनं उघडून बघितलं. ना कुलूप, ना पासवर्ड. थेट चित्रच आलं.

चित्रात लॅब नव्हती. एक लांबट खोली होती. शिलाई मशीन ओळीनं मांडलेल्या. भिंतीला गुंडाळलेल्या गाद्या टेकवलेल्या, त्यावर उशांची चळत. खिडकीशेजारच्या मशीनवर एक बाई बसली होती, उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. डाव्याच हातानं कापड सारत होती. मशीनखाली, तिच्या पायांपाशी, एक पोर झोपलेलं.

ताईनं चित्र फटकन बंद केलं. मग मेहुण्याला फोन लावला.

"तुझ्या लॅबमध्ये शिलाई मशीन आहेत का रे?"

"काय ताई! आम्ही रक्त काढतो, टाके नाही घालत."

"इंटरनेट कुणाच्या नावावर आहे तुझं?"

"माझ्याच की. म्हणजे… घरमालकानं एकच घेतलंय इमारतीला. प्रत्येक मजल्यावर एकेक वायर सोडलीय त्यानं. भाड्यातच धरतो. का?"

ताईनं कपाळ धरलं. सगळ्या इमारतीला बाहेरून पत्ता एकच. मेहुण्यानं दिलेली परवानगी ही पहिल्या मजल्याची, आणि तिनं ठोठावले होते सगळे मजले. नुसते ठोठावले नव्हते, तिसऱ्या मजल्यावर डोकावूनही झालं होतं.

संध्याकाळी ती त्या इमारतीत गेली. निमित्त धाकटीच्या मुलीसाठी लॅबमध्ये वह्या द्यायचं, डोळे तिसऱ्या मजल्यावर. जिना चढून वर गेली तर 'महिला शिवणवर्ग' अशी पाटी, खाली एक मेलचा पत्ता, आणि लोखंडी दार. शिवणवर्गाला लोखंडी दार? दाराला डोळ्याएवढं भोक. तिनं बेल दाबली. भोकामागं एक डोळा आला.

"कोण पाहिजे?"

"शिवणवर्गाची चौकशी होती."

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. पाटी बघितली."

"जागा नाही," डोळा म्हणाला आणि गेला. आत किल्ल्यांचा जुडगा वाजला, एक कडी बसली, मग दुसरी, मग तिसरी.

ताई काही दूधखुळी नव्हती. शिवणवर्गात गाद्या नसतात आणि शिकायला आलेल्या बाईला 'कुणी पाठवलं' म्हणून कुणी विचारत नाही. घरातनं मार खाऊन निघालेल्या बाया होत्या ह्या. शोधत येणाऱ्या नवऱ्यांपासून, दिरांपासून लपवलेल्या. पुढच्या दाराला तीन कड्या लावल्या होत्या, आणि मागच्या दारानं सगळं जग आत बघू शकत होतं. टकटक करत हिंडणारे जगात कमी नाहीत. आज ताईला दिसलं, उद्या कुणाला दिसेल काय सांगावं.

तिनं लॅबमध्ये येऊन मेहुण्याला बाजूला घेतलं. "घरमालकाला सांग. तिसऱ्या मजल्यावरचा कॅमेरा उघडा पडलाय म्हणावं."

लॅबवाल्याचा चेहरा उतरला. "मला कसं कळलं म्हणून विचारेल तो."

"खरं ते सांग. मेहुणीनं तपासलं."

"अहो ताई, त्यानं गेल्याच महिन्यात दाताच्या डॉक्टरला बाहेर काढायची धमकी दिलीय, पाणी सांडलं म्हणून! आणि मी त्याचं इंटरनेट पोखरलं म्हणून सांगू? बायकांच्या खोलीत बघितलं म्हणून सांगू? मला जोड्यानं हाणेल आणि सामान रस्त्यावर टाकेल." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हाला तरी सांगता येईल का तुमच्या ऑफिसात?"

हे मात्र वर्मी बसलं. नाही सांगता येणार. परवानगीशिवाय टकटक केली तर दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं, हा नियम ऑफिसाचा होता आणि तो सगळ्यांना घोकून घ्यायला लावणारी ती स्वतः होती. या वयात कोण दारात उभं करणार? निवृत्तीला अजून बराच पल्ला होता. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधल्या बांधावर उभं राहून राहून गुडघे दुखायला लागलेले.

मग तिनं जे केलं, ते तिच्या धंद्यातली माणसं नेहमी करतात. नाव न घालता कळवायचं. दार लागल्याशी मतलब, ठोठावणाऱ्याच्या नावाशी कुणाला काय करायचंय? तिनं एक नवाकोरा मेलचा पत्ता काढला आणि पाटीवरच्या पत्त्यावर निरोप धाडला. नुसतं 'तुमचा कॅमेरा उघडा आहे' म्हटलं तर कुणी लक्ष देत नाही, उडवून लावतात, हा वीस वर्षांचा अनुभव. पुरावा द्यावा लागतो. काय दिसलं ते नेमकं लिहावं लागतं, तेव्हा कुठं माणूस जागा होतो. म्हणून तिनं नेमकं लिहिलं:

'तुमच्या मोठ्या खोलीतला कॅमेरा बाहेरून कुणालाही दिसतो. खिडकीशेजारच्या मशीनवर बसणारी, उजव्या हाताला पट्टी असलेली बाई स्पष्ट ओळखू येते. तिचं मूल मशीनखाली झोपतं. ताबडतोब बंद करा. – एक हितचिंतक.'

पाठवला, हुश्श केलं आणि मानेला मलम लावून पडली.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात जेवायला बसली होती तेवढ्यात धाकटीचा फोन. आवाज चिरकलेला.

"ताई, तू काय केलंस?"

"काय झालं?"

"तिसऱ्या मजल्यावर पोलीस आलेत. त्या बायांना कुणीतरी धमकी दिलीय म्हणे. 'आम्ही तुम्हाला बघतोय' म्हणून! पट्टीवाल्या बाईचं नि पोराचं वर्णन करून! सगळ्या बाया रडताहेत. सामान बांधताहेत. आणि ती पट्टीवाली पोराला घेऊन सकाळीच कुठं निघून गेली कुणाला पत्ता नाही. हे घाबरून लॅब बंद करून बसलेत. ताई, ती धमकी तू…"

"धमकी नव्हती ती," ताई म्हणाली. पुढचा घास तसाच हातात राहिला.

वीस वर्षं तिनं कंपन्यांना पत्रं लिहिली होती. कंपन्यांना असं नेमकं लिहिलं की त्या जाग्या होतात. पण लपून बसलेल्या बाईला कुणी बिननावाच्या माणसानं 'तुझी पट्टी दिसते, तुझं पोर मशीनखाली झोपतं' असं कळवलं, तर ती ते कुणाच्या आवाजात वाचेल? त्याच एका आवाजात. हितचिंतक! नवरा दुसरं काय लिहिणार होता?

"तू गप्प बस हां," धाकटी फोनवर म्हणत होती. "काही बोलू नकोस. कुणाला कळणार नाही. पोलीस काय शोधतात? आमच्या मोबाईलची चोरी पण शोधली नाही त्यांनी. ताई, माझी शपथ आहे तुला."

ताईनं फोन ठेवला आणि डबा न झाकताच साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब तिच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान, पण मेंदू जागेवर असलेला माणूस. तिनं सगळं सांगितलं, एका दमात, काही न लपवता.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, तुम्ही? तुम्हीच?"

"मीच."

"ऑफिसची मशीन वापरली?"

"नाही. माझी."

"एवढं तरी बरं केलंत." त्यानं डोळे चोळले. "हे बघा. टकटकीचं वकील काहीतरी वाद घालून निभावतील. सार्वजनिक पत्ता होता, घरच्यांनी सांगितलं होतं, कुठं मोडतोड नाही. पण कॅमेरा उघडून बघितलात, तेही बायकांच्या राहत्या खोलीत. तिथं कुठला वकील तोंड उघडणार? आणि वर ते पत्र! आता कुठंही जाऊ नका. कुणाशी बोलू नका. वकिलांना विचारून, तोलूनमापून, चार ओळी लिहून देऊ. दोन-चार दिवसांत."

"ती बाई आज गेलीय."

"कोण?"

"पट्टीवाली. तिला वाटतंय नवऱ्यानं शोधून काढलं."

साहेबानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "तुम्ही तिथं जाऊन नाव सांगितलंत, तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही, ताई. आमच्या गिऱ्हाइकांनी उद्या विचारलं, तर काय सांगू?"

"नका ठेवू," ताई म्हणाली. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. दमलेलं माणूस ओझं खाली ठेवताना जसं बोलतं, तसा तो आवाज होता.

तिसऱ्या मजल्यावर या वेळी तिनं बेल दाबली तेव्हा भोकात पुन्हा तो डोळा आला.

"काल आल्या होतात तुम्ही," डोळा म्हणाला.

"हो. तो निरोप मी पाठवलाय. मी बाई आहे, कुणाच्या नवऱ्याची, दिराची कुणी नाही. मला आत घ्या, नाहीतर पोलिसांना परत इथं बोलवा. पण ती पट्टीवाली कुठं आहे ते आधी बघा."

तिन्ही कड्या निघाल्या. दारात कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली एक धिप्पाड बाई उभी होती. आत सगळ्या मशीनवर कापडं पडलेली, बोचकी बांधलेली. बाया भिंतीला लागून बसल्या होत्या. कॅमेरा मुळासकट उपटून टेबलावर ठेवला होता, वायरींसकट, उंदीर शेपटीनं उचलून टाकावा तसा.

"बोला," किल्लीवाली म्हणाली.

ताईनं सांगितलं. मेहुण्याचा आकडा, एकच पत्ता, चुकून उघडलेलं दार, बिननावाचा निरोप. ऐकता ऐकता किल्लीवालीचा जबडा आवळत गेला.

"म्हणजे तुम्हाला आमचं भलं करायचं होतं."

"हो."

"आणि स्वतःला काही होऊ द्यायचं नव्हतं."

"हो."

"वा! आमच्या बायांना वाऱ्यावर सोडून स्वतः पदर सावरून बसलात. हात दाखवायचा तुम्ही, अवलक्षण आम्हाला, आणि तुम्ही हितचिंतक! दोन कड्या कमी पडतील म्हणून मी कर्ज काढून तिसरी बसवली. आणि ह्या बयेनं एका निरोपात सगळ्या काढून टाकल्या."

ताईनं मान खाली घातली नाही, वरही केली नाही. "तिला फोन लागतो का?"

"लागतो, उचलत नाही."

"माझ्यासमोर लावा."

किल्लीवालीनं लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा पलीकडून गाड्यांचा आवाज आला, हॉर्न, कुणी गावांची नावं ओरडत होतं.

"कुठं आहेस बाई तू?" किल्लीवाली ओरडली.

"स्टँडवर." आवाज अगदी शांत. "मी परत जातेय त्याच्याकडं. सापडलेच आहे तर त्यानं येऊन ओढत नेण्यापेक्षा आपण गेलेलं बरं. आपणहून गेलं की मार कमी बसतो. पोराच्या देखत तरी नको."

किल्लीवालीनं फोन ताईच्या हातात कोंबला. "बोला. तुम्हीच बोला."

ताईला बोलायचा सराव होता, पण असला नाही. "तो निरोप मी लिहिला," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्यानं नाही. मी त्याला ओळखतही नाही."

पलीकडं हॉर्न वाजला. मग, "त्यानं बसवलंय तुम्हाला बोलायला. बाईचा आवाज ऐकून मी फसेन असं वाटतं त्याला. मागं त्यानं आत्याकडून फोन करवला होता."

"नाही गं."

"मग तुम्हाला माझी पट्टी कशी दिसली?"

ताईनं सांगितलं. सर्व्हर, दार, एकच पत्ता. सांगता सांगता तिचं तिलाच ते खोटं वाटायला लागलं. कुणाच्या लॅबच्या रिपोर्टपायी ही इतकी वरात, हे कुणाला पटेल? स्टँडवरच्या बाईला ती भाषा म्हणजे बैलापुढं पोथी.

"तुम्ही चांगल्या हेतूनं लिहिलंत म्हणता," ती बाई म्हणाली. "मग नाव का नाही घातलं?"

समोर किल्लीवाली बघत होती, भिंतीच्या बाया बघत होत्या.

"नोकरी जाईल म्हणून," ताई म्हणाली. "विचारल्याशिवाय बघितलं ना मी. आमच्यात ते चालत नाही. कळलं असतं तर काढून टाकलं असतं. म्हणून नाव नाही घातलं. तुझा विचार केला नाही, माझाच केला."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

पलीकडं कुणीतरी पुन्हा गावाचं नाव ओरडलं. पोर काहीतरी मागत होतं, पाणी असावं. मग ती बाई अगदी हळू म्हणाली, "तो असता तर असं नसता बोलला. तो असता तर म्हणाला असता, तुझ्या काळजीनं केलं."

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाव सांगा आता."

ताईनं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. राहते तो पत्ता सांगितला, ऑफिसचं नाव सांगितलं, साहेबाचा नंबर सांगितला.

"परत सांगा."

तिनं परत सांगितलं. पोलिसांना जबाब देताना सांगावं तसं, सुटं सुटं.

"किल्लीवाल्या बाईंना द्या."

किल्लीवालीनं फोन कानाला लावला, दोनदा हं म्हणाली आणि चपला शोधायला लागली. "पाण्याच्या टाकीपाशी बस, हलू नकोस, मी येतेय," एवढं सांगून तिनं फोन ठेवला. दारातून ताईकडं वळून म्हणाली, "तुम्ही बसा इथं. पोलीस परत येतील, त्यांना हेच सांगा. तक्रार मी मागं घेणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"घेऊ नका," ताई म्हणाली.

तिला कुणी खुर्ची दिली नाही. ती एका बोचक्यावर बसली. एका पोरसवदा बाईनं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, तोही ताईकडं न बघता.

पट्टीवाली त्याच संध्याकाळी परत आली. महिना-दीड महिन्यानं शिवणवर्गाच्या पाटीआड बायांना आसरा देणारी ती संस्था त्यांना घेऊन दुसरीकडं गेली. कुठं ते ताईनं विचारलं नाही, कुणी सांगितलंही नसतं. घरमालकानं लॅबवाल्याला जागा खाली करायला सांगितली, ते धाकटीच्या तोंडून बाहेर येण्याआधी ताईला झेरॉक्सवाल्याकडून कळलं. धाकटी बोलत नाही. भाचीच्या हातून मात्र डबा येतो कधीमधी, वर काही लिहिलेलं नसतं. साहेबानं तिला महिनाभर घरी बसवलं आणि मग पत्र पाठवलं, चांगल्या शब्दांत. आता ती घरीच बसून लोकांच्या कॉम्प्युटरची किरकोळ कामं करते. मनगटाला पट्टा तोच, पण आता गिऱ्हाईक आलं की खुर्चीत बसायच्या आधीच विचारते, कनेक्शन कुणाच्या नावावर आहे? लोक हसतात. हसू देत.

तक्रार अजून उभी आहे. कोणत्या कलमाखाली घालायची याच्यावर पोलिसांतच एकमत नाही. टकटकीला गुन्हा धरायचा, की बघण्याला, की त्या पत्राला? एकदा वकिलाकडं तारखेला गेली तेव्हा तो फाइल चाळत हळहळला.

"पत्ता नवा होता, नाव नव्हतं, काही नव्हतं. तुम्ही तोंड उघडलं नसतं, तर तुमच्यापर्यंत कुणी पोचलंच नसतं हो."

"ती पोचली असती ना पण," ताई म्हणाली.

"कुठं?"

"नवऱ्याकडं," असं म्हणून ती पुढची तारीख विचारायला लागली.